चाटणारा उजेड

मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं एक शब्द ठार चुकीचा शिकवत आले. आता त्याचं हसू येतं. पण ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी माझा पारा चढला होता, कारण चूक दाखवणारी माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती आणि तिनं ती साठ-सत्तर जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, हात जोडलेल्या चित्रासकट दाखवली होती.

ती आता आर्वीला स्पर्धा परीक्षांचे क्लास घेते. रोज सकाळी ग्रुपवर एक इंग्रजी शब्द टाकते. अर्थ, उगम, वाक्यात उपयोग, सगळं साग्रसंगीत. त्या दिवशीचा शब्द होता लॅम्बंट. खाली तिनं लिहिलं होतं, "मॅडम, हा शब्द लॅटिनमधल्या लाम्बेरे या क्रियापदावरून आला आहे. लाम्बेरे म्हणजे चाटणे. अर्थ: मंद, हळुवार उजळणारा. आपण आम्हाला 'झगझगीत, डोळे दिपवणारा' असं लिहून दिलं होतं. कृपया मार्गदर्शन करावं."

मार्गदर्शन करावं म्हणे! मी मनात म्हटलं, बाई गं, तुला आजचाच मुहूर्त सापडला होता काय. कारण मेसेज आला तेव्हा मी सेवाग्रामच्या दवाखान्यात एका लहानशा खोलीत माझ्या आईशेजारी स्टुलावर बसले होते, आणि समोरची एक तरुण मुलगी आईच्या वरच्या ओठाला बोटभर मध लावून म्हणत होती, "चाटा, आजी. चाटा बरं."

आमच्या मायला चैत्रात अर्धांगाचा झटका आला. आम्ही पवनारचे. धाम नदीच्या अंगाला आमची थोडी बागाईत आहे. वांगी, भेदरं, सांबार. भेदरं म्हणजे टमाटे आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, हे इकडचं नसलेल्यांसाठी सांगून ठेवते, नाही तर त्यांना वाटायचं आम्ही नदीकाठी इडलीबरोबरचं सांबार पिकवतो. माय पहाटे सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती. बांधता बांधता तिचा उजवा हात मांडीवर पडला तो पुन्हा उठलाच नाही.

उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. हातपाय जातात, बोलणं जातं, हे ऐकून होते. गिळणंही जातं हे मला चोपन्न वर्षांची होईस्तोवर माहीत नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं की तिच्या घशाला आता अन्नाची वाट कोणती आणि श्वासाची कोणती हे कळत नाही; पाण्याचा घोट दिला तर तो सरळ फुप्फुसात उतरेल. म्हणून नाकातून नळी घातली. पंधरा दिवसांनी तिला घरी आणलं ते नळीसकट. मी वर्ध्याहून रजा टाकून पवनारला राहायला आले आणि मोठ्या सिरिंजनं तिच्या नाकातून मुगाचं गाळलेलं पाणी, दूध, नाचणीची पातळ पेज सोडायला शिकले. जिनं मला वाटीनं भरवलं तिला मी सिरिंजनं भरवत होते, आणि त्यात ना चव होती ना वास.

आठवड्यातून दोनदा ऑटो करून आम्ही तिला त्या मुलीकडे न्यायचो. ती मुलगी स्पीच थेरपिस्ट. यवतमाळची, तिशीतली, बारीक चणीची, आणि चिकाटी अशी की मुंगीनं तिच्याकडे शिकवणी लावावी. बाबांनी तिचं नाव ठेवलं 'जिभेची मास्तरीण'. पहिल्याच दिवशी तिला तोंडावर म्हणाले, "पोरी, माह्या बायकोच्या जिभेले पंचावन्न वर्षांत कोणाची शिकवणी लागली नाई. तिनंच साऱ्याले शिकवलं." ती खळखळून हसली. मायच्या डाव्या डोळ्यात थोडं काही हललं असं मला वाटलं, पण खात्री नव्हती.

शिकवणी कसली, तर चाटायची. मध किंवा घट्ट काकवी वरच्या ओठाला लावायची, मग डाव्या कोपऱ्याला, मग उजव्या. जिभेनं आपणहून बाहेर यायचं आणि ते चाटून घ्यायचं. जीभ हलली तर घसा हलेल, घसा हलला तर गिळणं परत येईल, असा तिचा हिशेब. पहिले तीन आठवडे मायची जीभ तोंडात नुसती पडून होती. मध ओघळून हनुवटीवर यायचा, मी पुसायचे, ती मुलगी पुन्हा बोट बुडवायची. "चाटा, आजी."

तर अशा वेळी तो मेसेज. मी फोन पर्समध्ये कोंबला आणि घरी येताच माझा जाडजूड कोश काढला. खरं सांगते, चूक तिची निघावी या आशेनं काढला. निघाली नाही. लॅटिन लोक विस्तवाकडे बघून म्हणायचे की जाळ लाकडाला चाटतो आहे. त्यावरून इंग्रजीत तो शब्द अशा ज्वाळेसाठी आला जी वस्तूच्या अंगावरून नुसती फिरते, स्पर्श करते, पण जाळत नाही. मग तसल्या मऊ उजेडासाठी आला, मग डोळ्यांतल्या सौम्य चमकेसाठी. शेवटी तर अशा थट्टेसाठीही वापरू लागले जी माणसाला हळूच लागते पण भाजत नाही. आणि मी पंचवीस वर्षं पोरांना 'झगझगीत' लिहून देत होते! बी.ए.ला असताना कुठल्याशा गाइडातून उचललेला अर्थ, कधी तपासला नाही. मास्तर लोकांचा हा रोग आहे. दुसऱ्याची वही तपासतो, आपली तपासत नाही.

कोश मिटला आणि मला आमच्या मागच्या आवारातली चूल दिसली. घरात गॅस येऊन कैक वर्षं झाली, पण ज्वारीची भाकर मायनं गॅसवर कधी केली नाही. चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली काटकं. पऱ्हाटीचा जाळ मोठा आगाऊ, क्षणात भडकतो. मी लहानपणी हौसेनं मूठभर काटकं आत सारायचे आणि भाकर करपायची. मग माय माझा हात बाजूला करून काटकं मागं ओढायची आणि म्हणायची, "जाळानं तवा चाटला पाह्यजे, खाल्ला नाई पाह्यजे." तव्याच्या बुडाशी पिवळा जाळ हळू सरकत राहायचा, तिच्या कपाळावर त्याचा उजेड हलायचा.

कोशातल्या आठ ओळींनी जे सांगितलं ते आमच्या मायनं मला सात वर्षांची असताना सांगून ठेवलं होतं. तिला लॅटिन कशाशी खातात ते माहीत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी त्या संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं की अर्थ तुझाच बरोबर, मी चुकले, सगळ्यांनी वहीत दुरुस्ती करावी. आणि खाली मायचं चुलीवरचं वाक्य टाकलं. सत्तरातल्या निम्म्या पोरांनी लिहिलं की आता हा शब्द जन्मात विसरणार नाही. पंचवीस वर्षांत माझ्या कुठल्या नोट्सना असं यश आलं नव्हतं. मी मायच्या खाटेशी जाऊन तिला ते वाचून दाखवलं. तिला किती समजलं देव जाणे. पण त्यानंतर चारच दिवसांनी तिची जीभ पहिल्यांदा बाहेर आली, डाव्या कोपऱ्याला लागली आणि काकवीचा थेंब घेऊन आत गेली. थेरपिस्टनं टाळी वाजवली आणि मग माझ्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. पगारावर काम करणाऱ्या माणसाला एवढं वाटावं, याचे आभार कसे मानायचे ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग बाबांनी तिला चहा पाजला.

हे समजायचं तर आमच्या घरचा पहाटेचा चहा माहीत हवा. बाबा पहाटे भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात निघायच्या आधी दोघं ओट्यावर बसायचे. एकच मोठी कपबशी. कपातला चहा बाबांचा, बशीतला मायचा. माझ्या जन्माआधीपासूनचा हा नेम. झटक्यानंतर बाबा एकटेच ओट्यावर बसायचे, कपातला पिऊन टाकायचे, आणि बशीत ओतलेला तसाच राहायचा. तो मी गुपचूप मोरीत ओतायचे. आणि आमच्याकडचे पाहुणे तर विचारूच नका. आल्या-गेल्यानं एकच म्हणावं, "घोटभर च्या तरी पाजा वं तिले, च्यानं काय होते?" आमच्या भागात चहाला कुणी खाण्यापिण्यात धरतच नाही. उपासाला चालतो, तापात चालतो, मयताच्या घरी चालतो. चहानं माणूस मरेल हे कुणाच्या डोक्यातच शिरत नाही.

जीभ हलायला लागली तसं बाबांना वाटलं, आता काय हरकत आहे. मी आंघोळीला गेले होते. त्यांनी तिला उशीला टेकवून बसवलं आणि बशीतून चार चमचे चहा पाजला. तिनं घेतला. ती खोकलीसुद्धा नाही, तेच वाईट झालं; खोकली असती तर चहा फुप्फुसात उतरतो आहे हे लगेच कळलं असतं. मला काही कळलं नाही. संध्याकाळी अंग तापलं आणि छाती घरघरायला लागली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "तोंडानं काही दिलं होतं का?" मी ठामपणे नाही म्हणाले. मागून बाबांचा आवाज आला, "मी पाजला च्या."

मी तेव्हा जे बोलले ते लिहिताना हात थांबतो. वॉर्डात, सगळ्यांसमोर, ऐंशी वर्षांच्या बापाला म्हणाले, "मारून टाकायचं होतं काय तिले?" बाबांनी टोपी काढून हातात घेतली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

माय नऊ दिवसांनी त्यातून उठली. त्या नऊ दिवसांत झोप नावाची गोष्ट नव्हती, आणि तरी सिस्टर, डॉक्टर, खाली झाडू मारणाऱ्या बाईसुद्धा सकाळी "आजी कशी हाय?" विचारून जायच्या. मी त्या सगळ्यांची ऋणी आहे. पण आम्ही घरी निघताना डॉक्टर स्पष्ट बोलले. नाकातली नळी अशी किती महिने ठेवणार? आषाढी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, घसा पुन्हा तपासू. गिळता येत नसेल तर पोटाला छिद्र पाडून तिथून कायमची नळी घालू. ते चुकीचं काही सांगत नव्हते. पण मला एकच दिसत होतं, की आमच्या मायच्या जिभेला यापुढे मीठ-मिरची लागणार नाही, आणि एवढा सोमवार हातचा गेला तर तिचं जेवण कायमचं संपलं.

आणि बाबा. बाबांनी मायच्या खाटेजवळ यायचंच सोडलं. बाजारात जायचे, परत यायचे, दारात उभे राहून तिच्याकडे बघायचे आणि माघारी वळायचे. थट्टा बंद. जिभेची मास्तरीण हा शब्द बंद. मी माफी मागितली, दोनदा मागितली. ते म्हणाले, "तू खोटं कुठं बोल्ली, बाई?" तिच्या खाटेशी पाण्याचा तांब्या ठेवायचा असला तरी ते मलाच हाक मारायचे. आता ते तिच्या जवळ काही म्हणजे काही नेत नव्हते.

आषाढी अमावस्येला आमच्याकडे जिवती म्हणतात. त्या दिवशी माय कणकेत गुळाचं पाणी घालून दिवे करते, वाफेवर उकडते, त्यात तुपाची वात लावते आणि त्यांनी मला ओवाळते. पोरांच्या आयुष्यासाठीचा सण आहे हा. मी पन्नाशी ओलांडली तरी तिनं एक वर्ष चुकवलं नाही. वात आपली आपण शांत होऊ द्यायची, फुंकायची नाही. मग वात काढून तो दिवा तुपाबरोबर खायचा. मला यंदा दिवे करायचेच नव्हते. कुणाला ओवाळायचं आणि कुणी खायचं? पण शुक्रवारच्या शिकवणीत मायनं घट्ट पेजेचा अर्धा चमचा दोनदा गिळला, तिसरा तोंडात धरून ठेवला. मी सहज जिवतीचं सांगितलं तर थेरपिस्टच म्हणाली, "दिवे करा. एक दिवा कुस्करून, तुपात आणि दुधात घोटून, चाळणीतून काढा. चमचा उलटा केला तरी पडायला नको इतकं घट्ट. आणि मी आल्याशिवाय एक कणही देऊ नका." रविवार होता, तिची सुट्टी होती, आणि ती तिच्या स्कुटीवर सेवाग्रामहून पवनारला आली.

दुपारी मायला खुर्चीत ताठ बसवलं. मी पाच दिवे लावले आणि यंदा नेमाच्या उलटं केलं. मी तिला ओवाळलं. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, ना आत ना बाहेर. वाती शांत होईस्तोवर आम्ही बसून राहिलो. त्या छोट्या ज्योती कणकेच्या काठावरून सरकत होत्या, आणि मी त्या बघत होते तशा याआधी कधी बघितल्या नव्हत्या.

मग मी अर्धा चमचा तिच्या जिभेवर ठेवला. थेरपिस्टनं तिची हनुवटी खाली धरली, दोन बोटं घशावर. "गिळा, आजी." बराच वेळ काही नाही. मग घसा वर गेला आणि खाली आला. "आता आ म्हणा." हे प्रत्येक घासानंतर करायचं असतं, आवाज घरघरला तर समजायचं की घास चुकीच्या वाटेला गेला. मायच्या गळ्यातून बारीक, कोरडा 'आ' आला. दुसरा घास. कोरडा 'आ'. तिसरा घास, आणि यावेळी ती जिभेनं ओठावरचं तूपही घेऊन गेली, न सांगता. थेरपिस्ट माझ्याकडे वळली. म्हणाली, "उद्या मी स्वतः डॉक्टरांसमोर हेच करून दाखवते. पोटाच्या नळीचं नाव काढायची गरज पडणार नाही." मी खाली बसले आणि रडले, लपवायला गेले नाही.

चौथा घास मी भरला तर मायनं तोंड मिटून घेतलं. मला वाटलं थकली. चमचा पुन्हा पुढे केला तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट बाजूला सारलं, चुलीपुढे सारायची तसं, आणि दाराकडे बघितलं.

थेरपिस्टला माझ्याआधी समजलं. "आजोबा, तुमच्या हातून पाहिजे त्यांना."

बाबा चौकट सोडेनात. "माह्या हातचं नको, पोरी. माह्या हाताले यश नाई."

माय तोंड उघडून बसली. कुणाचंही ऐकायचं नाही असं ठरवलं की ती बसते तशी, आणि डोळे दारावर. शेवटी बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली, हात धुतले, धोतराला पुसले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. थेरपिस्टनं खालून त्यांचा कोपर धरला. चमचा तिच्या जिभेवर टेकला. घसा वर गेला, खाली आला.

"आ म्हण," ते म्हणाले. "आ म्हण वं."

मायनं 'आ' म्हटलं नाही. तिचे ओठ एकदा जुळले, पुन्हा जुळले, आणि तिच्या तोंडून आलं, "अवो."

तिनं पंचावन्न वर्षांत बाबांना नावानं हाक मारली नाही. बांधावरून, ओट्यावरून, बाजाराच्या गर्दीतून, हीच एक हाक. झटक्यानंतरचा तिचा हा पहिला शब्द. आवाज स्वच्छ होता, कोरडा होता, कुठं घरघर नव्हती.

बाबांनी चमचा ताटलीत ठेवला, आणि ओ दिली.